बोरजाईचा निकाल

"शिवकन्या ढोबळे," मी नाव पुकारलं आणि एकही हात वर झाला नाही.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. देवळाच्या मंडपात पोराटोरांचा कालवा होता, मागे कुणाचं तरी कुत्रं शिरलं होतं. मी पुन्हा पुकारलं, या वेळी चांगलं खणखणीत. बोरजाईची झाडून सगळी ग्रामसभा माझ्याकडे बघत होती आणि हात मात्र मांडीवरचे हलत नव्हते. बायका पदराचं टोक चोळत बसल्या. सरपंच खरात आबांनी टोपी काढली, तिच्यात काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि परत घातली.

शिवकन्या समोरच उभी होती. तिने एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि खाली बघितलं. 

हे काय चाललं होतं ते आधी सांगते. आमचे केळुस्करसर कुलगुरू म्हणून निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांनी एक खूळ डोक्यात घेतलं. मला घरी बोलावून म्हणाले, "हेमलता, जन्मभर पोरांना कागदावर पास केलं. त्यांच्या शिकण्यानं कुणाच्या घरात काही बदललं का, हे एकदाही विचारलं नाही. आता असं विद्यापीठ काढायचं की जिथे पदवी प्राध्यापक देणार नाहीत, गाव देईल." मी तेव्हा कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होते. नोकरी कायम होती, पगार वेळेवर होता. ती सोडून मी त्यांच्या मागे गेले. माझी बहीण म्हणाली, तुझं डोकं फिरलंय. फिरलंच होतं, नाही कशाला म्हणू?

दोन वर्षं आम्ही त्या विद्यापीठाचा आराखडा करत होतो. नियम सगळे माझ्या हातचे. विद्यार्थ्याने एक गाव घ्यायचं, वर्षभर तिथे राहायचं, एक काम उभं करायचं. शेवटी ग्रामसभेला एकच प्रश्न विचारायचा: हे पोर गेल्यावर त्याचं काम गावात उरेल का? उरेल असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करायचा. निम्म्याहून जास्त हात आले तर पास. नाही आले आणि पुन्हा परीक्षा द्यायची असेल, तर आणखी सहा महिने त्याच गावात राहून पुन्हा सभेपुढे उभं राहायचं. हे सहा महिन्यांचं कलम लिहून झालं तेव्हा मी स्वतःवर इतकी खूश झाले होते की सरांना फोन करून वाचून दाखवलं.

बोरजाई आमचं पहिलं गाव. दुष्काळी पट्ट्यातलं, माळावरचं. पहिल्या तुकडीची पाच पोरं तिथे वर्षभर राहिली आणि त्या दिवशी त्यांची परीक्षा होती. ती बघायला सरकारची समिती आली होती. अध्यक्ष बिडवे साहेब आणि त्यांच्या सोबतचे दोघे पुढे खुर्च्यांवर बसले होते. त्यांनी होकार भरला तर विद्यापीठ होणार, नाही तर दोन वर्षांची मेहनत मातीत. सर सकाळपासून तीनदा तोंड धुऊन आले होते.

आधी चार पोरांची नावं झाली. मनोज पुसाळकर नावाच्या मुलाने वाचनालय काढलं होतं, म्हणजे एक कपाट, आणि त्याची किल्ली त्याच्याच खिशात. त्याचं नाव घेताच सगळा मंडप हातांनी भरून गेला. "लई गुणाचं पोरगं," आबा म्हणाले. दुसऱ्याने स्वच्छतेची पथनाट्यं केली होती. भरभरून हात. तिसऱ्याची गांडूळखताची टाकी उन्हाळ्यातच कोरडी पडली होती, तरी हात. चौथीने नेमकं काय केलं हे मलासुद्धा नीट सांगता आलं नसतं. तिलाही हात.

बिडवे साहेब माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "बाई, हे गाव काही कुणाला नापास करणारं दिसत नाही. घरात जेवलेल्या पोराला नाही कोण म्हणेल? मग ही परीक्षा कसली?"

 माणूस बोलला ते खोटं नव्हतं. ही साधी गोष्ट आमच्या दोघांच्याही टाळक्यात दोन वर्षांत आली नव्हती. आणि मग शेवटचं नाव राहिलं, शिवकन्याचं.

आता तिचं काम ऐका. बोरजाईत शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा पिंपळसोंडला, खिंड ओलांडून पलीकडे. वाटेत खडी क्रशर, तिथे ट्रकवाल्यांचा राबता. एकदा कुणीतरी कुणाच्या तरी पोरीला काहीतरी बोललं आणि तेव्हापासून बोरजाईच्या पोरी सातवी झाली की घरी बसायच्या. शिवकन्या आली आणि दारोदार हिंडली. "मी सोबत जाते, मी सोबत आणते," एवढंच बोलली. जूनमध्ये चार पोरी निघाल्या. नंतर पंधरा झाल्या. रोज सकाळी ती पोरींना घेऊन निघायची, संध्याकाळी घेऊन यायची. पाऊस असो, ऊन असो, पोरीचा एक खाडा नाही.

अशा मुलीला एक हात नाही.

"नापास," खरात आबा पुटपुटले आणि उठलेच. सभा मोडली.

मला वाटलं, आता बिडवे साहेब फाईल बंद करतील. तर हा गृहस्थ खुर्चीतून ताडकन उठला आणि सरांचा हात हातात घेऊन हलवायला लागला. "केळुस्करसाहेब, मानलं. मी म्हणत होतो सगळे पास होतील. पण गावानं सगळ्यात चुणचुणीत मुलीला नापास केलं. कुणाच्या भिडेला न पडता. ही खरी परीक्षा. मी शिफारस करणार." सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र हसावं की रडावं कळेना.

जेवण मालनबाई लोखंडेंच्या अंगणात होतं. मालनबाईंची थोरली वैजयंती, म्हणजे वैजू, शिवकन्याच्या पहिल्या चार पोरींपैकी एक. मी पंगतीला न बसता सरळ चुलीपाशी गेले. मालनबाई भाकरी थापत होत्या. मला बघून त्यांनी मान आणखी खाली घातली.

"मालनबाई, तुमची पोर आठवीत कुणामुळे गेली?"

"ताईमुळं."

"मग हात का नाही वर केलात?"

 भाकरी करपली तरी उलटेनात. मीच हात भाजून घेत ती उलटली.

"बोला की."

"बाई, तुमीच सांगितलं न्हवं, पास झालं की जायाचं आन् नापास झालं की सा महिनं ऱ्हायाचं?"

"मग?"

"मग आता काय सांगू? ती बाकीची पोरं गेली तर जाऊ द्या की. चांगली हायती, पर त्यांचं काय अडलंय आमचं? ताई गेली तर पोरींसंगं कोण जाईल? काल रातच्याला समद्या बायांनी मिळून ठरवलं. गडीमाणसं बी हो म्हणाली." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सा महिनं तर सा महिनं. तवर वैजूची नववी तरी सुरू व्हईल."

तळपायाची आग मस्तकात गेली. राग कुणाचा करावा तेच कळेना. बायांचा करावा, तर त्यांचं काय चुकलं? नियम माझा. ज्याचा उपयोग नाही त्याला टाळ्या वाजवून वाटेला लावायचं आणि जो हवा आहे त्याला नापास करून धरून ठेवायचं, हे शहाणपण माझ्याच कलमाने त्यांना शिकवलं होतं. आणि त्यात भरडून निघाली कोण? शिवकन्या. तिला जिल्ह्याच्या ठिकाणी एका मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा मिळाली होती, पण महिनाअखेर पास झाल्याचा दाखला दाखवायचा होता. नाही तर जागा दुसऱ्या कुणाला. घरी आई शिलाईच्या यंत्रावर डोळे फोडून घेत होती आणि लेकीच्या त्या जागेकडे डोळे लावून बसली होती.

मी सरांना घराच्या मागे नेलं आणि सगळं सांगितलं.

सरांनी मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग म्हणाले, "कुणाला बोललीस?"

"तुम्हालाच पहिल्यांदा."

"मग आता इथेच थांब. बिडव्यांच्या कानावर हे गेलं तर सगळं संपलं."

"आणि ती पोरगी?"

"तिला सहा महिन्यांनी मिळेल की. हेमलता, एका मुलीचे सहा महिने आणि पुढच्या शेकडो मुलांचं विद्यापीठ. तूच तोलून बघ."

"मी वाणी नाही सर, तोलायला," मी म्हटलं आणि तिथून निघाले. इतक्या वर्षांत त्यांना असं उलटून बोलण्याची ती पहिलीच वेळ. 

बिडवे साहेब अंगणात सुपारी कातरत बसले होते. मी त्यांच्याकडे निघाले आणि मध्येच शिवकन्या आडवी आली. तिची पिशवी भरलेली होती.

"बाई, कुठे निघालात?"

"तुझा निकाल खोटा आहे ते सांगायला. मला मालनबाईंनी सांगितलं सगळं. हे लोक तुला—"

"मला माहीत आहे."

"माहीत आहे? कधीपासून?"

"काल रात्री वैजू सांगून गेली. बाई, राहू द्या. काही बोलू नका."

"का राहू द्या? सरांच्या विद्यापीठासाठी? अगं, तुझी नोकरी जाईल."

"विद्यापीठासाठी नाही," ती म्हणाली आणि थांबली. काहीतरी ओठांवर आलं होतं ते तिने गिळलं. "तुम्ही सांगितलंत तर ते परत सभा घेतील. मला विचारतील, तू गेल्यावर काय उरेल, तूच सांग. मला उत्तर द्यावं लागेल. मला ते द्यायचं नाही."

"का, उत्तर नाही तुझ्याकडे?"

ती नुसती हसली. मला भयंकर राग आला. असल्या सोशिक हसण्याचा मला जन्माचा तिटकारा आहे.

"आणि ही पिशवी कसली? तुला सहा महिने राहायचंय."

"राहायची सक्ती नाही, बाई. तुमचाच नियम आहे. पुन्हा परीक्षा द्यायची असेल तर राहायचं. मी देत नाही. दुपारच्या एसटीने जाते." मग आवाज उतरवून म्हणाली, "माझं एक ऐकाल? उद्या सकाळी पोरी निघतील. त्यांना अडवू देऊ नका. तेवढं बघा."

ती खरंच गेली. एसटी आली तेव्हा निम्मं गाव थांब्यावर जमलं. मालनबाई तिच्या पिशवीला धरून रडत होत्या. नापास केलं की पोर राहील, असा यांचा हिशेब, आणि पोर तर पाया पडून गाडीत चढली. खरात आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, आसं कसं? कायद्यात ऱ्हायाचं हाय न्हवं?"  समितीची गाडीही गेली. सरांनी जीपचं दार उघडून धरलं होतं, पण मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. त्यांच्या शेजारी बसायची माझी तयारी नव्हती.

रात्र मी मालनबाईंकडे काढली. झोप कसली लागते. ह्या कुशीवरून त्या कुशीवर. शिवकन्याचं ते हसणं डोळ्यांसमोरून जात नव्हतं. ह्या मुलीने भांडायला हवं होतं, माझ्यावर तरी ओरडायला हवं होतं.

सकाळी वैजू दोन वेण्या घालून, गणवेश चढवून तयार. मालनबाई दारात आडव्या उभ्या.

"ताई न्हाई, शाळा न्हाई. दप्तर ठेव."

"आई, माझा पेपर हाय."

"आसू दे. त्या खडीवाल्यांच्या म्होरनं एकट्या जायाच्या व्हय गं तुमी?"

बाहेर बाकीच्या पोरी जमल्या होत्या. त्यांच्या आयाही होत्या. दोघींनी तर पोरींचे हात धरून घराकडे ओढायला सुरुवात केली होती. मी पायात चपला सरकवल्या.

"मी जाते सोबत," मी म्हटलं.

मालनबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमच्यानं व्हईल व्हय?"

"न व्हायला काय झालं? चला गं."

निघालो. पोरी भराभर चालत होत्या आणि माझी फे फे उडत होती. चढ लागला. गाव मागे दिसेनासं झालं. खिंडीत एक लिंबाचं झाड आहे, त्याखाली एक सपाट दगड. तिथे पोचलो आणि वैजू थांबली.

"बाई, तुमी आता हितं बसा."

"आता कुठे बसायचं? तुमचा पेपर आहे ना?"

"आमचं आमी जातो. ताई बी हितंच बसायची."

मला कळेना. "म्हणजे?"

पोरींनी एकमेकींकडे बघितलं. वैजू म्हणाली, "आदी ताई शाळंपतूर यायची. मग क्रशरच्या अलीकडं थांबायला लागली. आमी जाताना लांबनं बघायची. दिवाळीनंतर हितं बसाय लागली. सांच्याला बी हितंच न्यायला यायची. मधल्या येळात वाचत बसायची, न्हाई तर डोळा लागायचा तिचा."

"आणि क्रशर?"

"तिथल्या वाचमनच्या बायकूशी ताईनं वळख काढली. आमी जाईपतूर मावशी भाईर हुबी ऱ्हाती. आमी समद्या एकाच टायमाला जातो, कुणी मागं न्हाई, कुणी म्होरं न्हाई. एकदा एक ट्रकवाला बोलला, तर समद्यांनी मिळून त्याच्या मालकाला जाऊन सांगितलं. मालकानं त्याला काढला. ताई तवा तिथं नव्हतीच." वैजूने हे सहज सांगितलं, त्यात काही विशेष आहे असं तिला वाटतच नव्हतं.

मी त्या दगडावर मटकन बसले.

"हे घरी कुणाला ठाऊक आहे?"

"न्हाई बा. ताईनं शपथ घातलीय."

"मग काल सभेत तिनं का नाही सांगितलं? तुम्ही का नाही बोललात?"

वैजू माझ्याकडे बघत राहिली. एवढं कसं कळत नाही हिला, असं तिला वाटलं असणार.

"सांगितलं असतं, तर आज आईनं मला शाळेत धाडलं असतं व्हय?"

पोरी खिंड उतरून गेल्या. घोळक्याने, कुणी मागे नाही, कुणी पुढे नाही. क्रशरपाशी एक बाई खरंच बाहेर येऊन उभी राहिली. मी बघत राहिले आणि मला रडू फुटलं. रडत नाही मी सहसा.

हे पोर गेल्यावर त्याचं काम उरेल का? प्रश्न माझा होता, दोन वर्षं घासूनपुसून मांडलेला. त्याचं उत्तर समोर उताराने चाललं होतं आणि ते शिवकन्याला ठाऊक होतं. सभेत एक वाक्य बोलली असती तर पास झाली असती, नोकरी मिळाली असती, आणि पंधरा पोरी दुसऱ्या दिवशी घरी बसल्या असत्या. म्हणून तिने मान खाली घातली. आणि तिच्या हसण्याचा मी राग केला होता.

खिंडीत मोबाइलला रेंज येते. तेवढ्यात सरांचा फोन. "हेमलता, बिडव्यांनी शिफारस पाठवली. झालं आपलं विद्यापीठ." मी अभिनंदन म्हटलं. खिंडीत काय पाहिलं ते मात्र सांगितलं नाही. सरांना सांगायचं तर निकाल फिरवावा लागणार, तो फिरवायला कारण लागणार, आणि कारण बोरजाईला कळल्याशिवाय राहणार नाही. शिवकन्याने मला ज्या ठिकाणी आणून बसवलं होतं तिथून कुठेच वाट नव्हती.

पुढचं सांगून टाकते. वसतिगृहाची जागा दुसरीला गेली. शिवकन्याला पदवी मिळाली, पण दोन वर्षांनी आणि दुसऱ्या गावाकडून, तिथलं वर्ष संपल्यावर निकाल लागेपर्यंत तिने आईच्या शेजारी बसून ब्लाउज शिवले. सहा महिन्यांचं ते कलम मी काढून टाकलं. सभा आता विद्यार्थी गाव सोडून गेल्यानंतर वर्षाने होते. समितीने कारण विचारलं तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं.

त्या सकाळी मात्र मी दगडावरून उठत होते आणि परत बसत होते. ताबडतोब गावात जावं, सगळ्यांना एकत्र करावं, तुम्ही काय केलंत बघा म्हणावं, असं शंभरदा मनात आलं. शेवटी शाळेपर्यंत जाऊन यायला लागला असता तेवढा वेळ काढला आणि खिंड उतरले.

मालनबाई वेशीपाशीच उभ्या होत्या, डोळ्यांवर हात धरून. सकाळपासून तिथेच असाव्यात.

"पोचल्या पोरी?"

"पोचल्या."

"पार शाळंपतूर गेलावता न्हवं, बाई?"

"पार शाळेच्या फाटकापर्यंत," मी म्हटलं.

त्यांचा जीव भांड्यात पडला. माझ्या धुळीने भरलेल्या पायांकडे बघून त्यांना वाईटही वाटलं असावं, कारण घराकडे वळता वळता त्या म्हणाल्या, पाय शेकायला पाणी तापवते. मग थांबल्या आणि जरा भीतभीतच म्हणाल्या, "उद्या बी जाल?"

मला पुण्याला परतायचं होतं. तिकडे सर वाट बघत होते, विद्यापीठाचं उद्घाटन ठरायचं होतं, सगळी कामं माझ्या नावावर होती.

"जाईन की," मी म्हटलं, आणि वैजूची वार्षिक परीक्षा संपेपर्यंत मी रोज सकाळी जाऊन त्या दगडावर बसत राहिले.